पानाची डावी बाजू आणि भाजी न आवडणारी माणसे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेली एकोणीस वर्षे मी ठाण्यात पाचपाखाडीतल्या माझ्या घरून जेवणाचे डबे देते. सकाळी साडेनऊपर्यंत चाळीसएक डबे घराबाहेर पडतात आणि संध्याकाळी परत येतात. धुवायला टाकण्यापूर्वी प्रत्येक डबा मी स्वतः उघडून पाहते, कारण आपण केलेले जेवण कसे झाले होते हे त्या अर्ध्या तासात जितके खरे कळते तितके कोणाला विचारून कळत नाही. पोळ्यांचा कप्पा रिकामा असतो, भात-आमटीच्या कप्प्यातही बहुधा काही उरलेले नसते. पण भाजीचा कप्पा पुष्कळदा जसा भरला तसाच परत येतो. तोंडली असली की दहा-बारा डब्यांत, दुधी असला की त्याहून जास्त डब्यांत. वर गार झालेल्या तेलाचा तवंग, खाली भाजी, आणि कडेला पोळीच्या एका तुकड्याने करून पाहिलेल्या प्रयत्नाची खूण. त्या एका घासानंतर माणसाने झाकण लावून टाकलेले असते.

आपल्या वृत्तपत्रात आणि इतरत्रही आहाराविषयी जे लिखाण येते ते मी आवर्जून वाचते, कारण माझे कामच ते आहे. त्यात 'हिरव्या भाज्या भरपूर खाव्यात' हे वाक्य हमखास असते. ते खरेच आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र ज्याच्या घशाखाली भाजी उतरतच नाही त्याने नेमके काय करावे, याविषयी पुढे एक ओळही नसते. अशा माणसांना आपण एक तर नखरेल म्हणतो, नाही तर 'सवय लावून घ्या' एवढे सांगून मोकळे होतो. माझ्या अनुभवाने ही माणसे थोडीथोडकी नाहीत. शिकलेली आहेत, आपल्या प्रकृतीची काळजी करणारी आहेत, आणि भाजी खात नाही याची त्यांना मनातून लाजही वाटते. हे पत्र त्यांच्यासाठी आहे आणि त्यांना वाढणाऱ्यांसाठीही आहे.

मी स्वतः लहानपणी त्यांच्यातलीच होते. शेपूची भाजी मला अजिबात चालत नसे. तिचा वास स्वयंपाकघरातून आला की पोटात ढवळू लागे. आमच्याकडे ताट स्वच्छ केल्याशिवाय उठायचे नाही असा नियम होता. तो करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, हे आज मी समजू शकते. सगळ्यांची पाने उचलली जात, शेणगोळा फिरे, आणि मी एकटी भिंतीशी पाटावर बसून गार झालेल्या शेपूचे लहान लहान गोळे करून ते पाण्याच्या घोटाबरोबर गोळीसारखे गिळत असे. त्या शिस्तीचा परिणाम एवढाच झाला की आज छप्पन्नाव्या वर्षी मी इतरांसाठी शेपू उत्तम करते, मूगडाळ घालून, लसणाची फोडणी देऊन करते, पण स्वतः एक घासही खाऊ शकत नाही. बळजबरीने भाजी पोटात गेली, आवडीत कधीच आली नाही.

नावड ही लहर नसते, हे विज्ञानानेही दाखवून दिले आहे. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स नावाचे रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेतील ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत असताना एका पदार्थाची पूड हवेत उडाली. शेजारच्या सहकाऱ्याला ती विलक्षण कडू लागली आणि फॉक्स यांना मात्र तिची काहीच चव लागली नाही. पीटीसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पदार्थाची कडू चव कोणाला लागते आणि कोणाला लागत नाही हे मुख्यतः आनुवंशिक असते, असे पुढे सिद्ध झाले, आणि २००३ मध्ये त्यामागचे जनुकही सापडले. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरीचा पाला या एकाच कुळातील भाज्यांमध्ये त्याच जातीच्या कडवटपणाची द्रव्ये असतात. म्हणजे एकाच कढईतला कोबी एकाला गोडसर लागतो आणि दुसऱ्याला कडवट लागतो, आणि दोघेही खरेच सांगत असतात. लहान मुलांची जीभ कडू चवीला मोठ्यांपेक्षा अधिक तीव्र असते, त्यामुळे कारले नाकारणारे मूल हट्टी आहे असे लगेच ठरवणे अन्यायाचे आहे.

शिवाय कडू चव टाळण्याची ही वृत्ती निसर्गाने उगीच दिलेली नाही. दुधी, काकडी, दोडका यांच्या कुळात कुकुरबिटॅसिन नावाची विषारी द्रव्ये असतात. नेहमीच्या दुधीत ती नगण्य असतात, पण एखादा दुधी कडू निघाला तर त्यात ती धोकादायक प्रमाणात असू शकतात. कडू दुधीचा रस पिऊन माणसे गंभीर आजारी पडल्याच्या आणि दगावल्याच्याही घटना आपल्या देशात घडल्या आहेत, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने याविषयी इशाराही दिला होता. माझ्याकडे प्रत्येक दुधी चिरताना त्याची एक चकती चाखून पाहिली जाते आणि कडू निघाला तर तो सरळ टाकून दिला जातो. 'औषधी असतो, पिऊन टाका' असे सांगणाऱ्यांनी कृपया हे लक्षात घ्यावे.

सगळीच नावड चवीची असते असेही नाही. भेंडी नको म्हणणाऱ्या दहांपैकी बहुतेकांना तिची चव नव्हे, बुळबुळीतपणा नको असतो. भेंडी धुऊन पूर्ण कोरडी केली, मोठी चिरली, झाकण न ठेवता परतली आणि दोन आमसुले टाकली तर तो जवळजवळ जातो. फ्लॉवर-कोबीचा तो उग्र वास प्रमाणाबाहेर शिजवल्याने सुटतो. वाफ येताच उतरवलेला कोबी आणि वीस मिनिटे झाकून ठेवलेला कोबी या दोन वेगळ्या भाज्या आहेत, असे म्हटले तरी चालेल. मोठ्या प्रमाणावर स्वयंपाक होतो तिथे हिरवा रंग टिकावा आणि भाजी लवकर शिजावी म्हणून खाण्याचा सोडा टाकण्याची पद्धत आहे. त्याने भाजीचा लगदा होतो आणि क जीवनसत्त्व व थायमिन (ब१ जीवनसत्त्व) हेही नष्ट होते. अशी भाजी वर्षानुवर्षे पानात पडल्यावर कोणी 'मला भाजी आवडत नाही' असे म्हणाला, तर त्याने भाजी नाकारली की तिची केलेली दुर्दशा नाकारली, हा प्रश्न आम्हा रांधणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवा. मी तो स्वतःला विचारला, आणि डब्यातल्या तोंडलीचे परत येणे त्यानंतर निम्म्याने कमी झाले.

तरीही काही माणसे उरतातच. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात नोकरी करणारा एक तरुण माझ्याकडे डबा लावतो. चार वर्षांपूर्वी तो स्वतः घरी आला आणि म्हणाला, "काकू, भाजी देत जाऊ नका. पैसे तेवढेच घ्या, पण टाकताना जिवावर येतं." अन्न टाकवत नाही आणि खाववतही नाही, अशा कोंडीत तो होता. भाजीऐवजी काय खातोस असे मी विचारले तेव्हा कळले की भाजी वगळून तो लोणचे-पोळी, बटाटा, फरसाण आणि रात्री अंडी एवढ्यावर दिवस काढत होता. फळे आठवड्यातून एखादे वेळी. वजन बेताचेच, पण पोट कधी साफ नाही आणि तोंड वारंवार येते. त्याला मी भाजीचे गुणगान ऐकवले नाही. ते त्याने शाळेपासून ऐकलेले होते.

भाजीशिवाय चालेल, असे मात्र मी कोणालाही सांगणार नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २,००० किलोकॅलरींच्या दिवसभराच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे असावीत, असे त्यांत सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटना फळे आणि भाज्या मिळून किमान ४०० ग्रॅम सांगते आणि त्यात बटाटा धरत नाही. ही गोष्ट मी मुद्दाम लिहिते, कारण 'आम्ही भाजी खातो की' असे म्हणणाऱ्या अनेक घरांत आठवड्यातले चार दिवस बटाटाच असतो. भाज्यांतून मिळणारे तंतू, फोलेट (ब गटातले एक जीवनसत्त्व), पोटॅशियम, अ जीवनसत्त्व करणारी द्रव्ये आणि क जीवनसत्त्व हे सारे दुसरीकडून थोडेथोडे जमवता येते, पण जमवावे लागते. आपोआप मिळत नाही.

जमवायचे कसे, हे भाजी न खाणाऱ्याला कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे. तंतूंसाठी कडधान्ये हा फार मोठा आधार आहे: मटकी, मूग, हरभरा यांत दर १०० ग्रॅम कोरड्या धान्यामागे १५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त तंतू असतात आणि फोलेटही चांगले असते. भाजी न आवडणाऱ्या माणसाला उसळ बहुधा आवडते, वालाचे बिरडे आवडते, आणि आपल्याकडे तर सकाळी न्याहारीला मिसळ खाणारे शहर आहे. तिच्यावरचा तेलाचा तवंग आणि फरसाण कमी करून मोडाच्या मटकीचे प्रमाण वाढवले तरी पुष्कळ झाले. क जीवनसत्त्वासाठी पेरू आणि आवळा आहेत. पेरूत ते संत्र्याच्या कितीतरी पट असते आणि तो गोखले रोडवरच्या हातगाडीवरही मिळतो. उसळीवर लिंबू पिळले की तिच्यातले लोह अंगी लागायला मदत होते, आणि जेवणाला लागूनच चहा घेतला की तेच शोषण अडते. आपल्या देशात १५ ते ४९ या वयातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले आहे. ते लक्षात घेता जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकलणे ही किरकोळ सूचना नव्हे.

गोळ्यांचा रस्ता सोपा दिसतो म्हणून त्याबद्दलही लिहिते. भाजी खात नाही, त्याऐवजी व्हिटॅमिनची गोळी घेतो, असे सांगणारे मला दर महिन्याला भेटतात. गाजरासारख्या भाज्यांत जे बीटा-कॅरोटीन असते त्याच्या गोळ्या देऊन फिनलंडमध्ये २९,००० हून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठा प्रयोग झाला होता. १९९४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले तेव्हा त्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी होण्याऐवजी वाढलेले आढळले. गाजर खाणे आणि गाजरातले एक द्रव्य काढून गोळीतून घेणे यांत अंतर आहे, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते. डॉक्टरांनी दिलेली गोळी, उदाहरणार्थ गर्भधारणेच्या आधीपासून घ्यायचे फॉलिक ॲसिड, ही वेगळी आणि अत्यंत आवश्यक बाब आहे. ती अवश्य घ्यावी. फळांच्या रसाचेही तेच: गाळून घेतलेल्या रसातून तंतू निघून जातात आणि साखर तेवढी उरते.

आता मला मुख्यतः जे सांगायचे आहे त्याकडे येते. आपण मराठी माणसांनी भाजी म्हणजे केवळ पानाच्या उजव्या बाजूला वाढायचा, कढईत परतलेला किंवा रस्सा केलेला पदार्थ, असे धरून ठेवले आहे. परंतु आपले पान दोन बाजूंचे आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, पचडी, भरीत, रायते ही डावी बाजू. पूर्वीच्या घरांत ही बाजू रोज वाढली जाई, नुसत्या सणावारी नव्हे. शहरात दोघांच्या नोकऱ्या, लांबचा प्रवास आणि लहान ओटे यांमुळे स्वयंपाकाला कात्री लागली, तेव्हा सर्वांत आधी ही डावी बाजू कापली गेली. डब्यात तर तिला कप्पाच उरला नाही. उरलेच तर बाजारचे लोणचे. आणि मग भाजी न आवडणाऱ्याला भाजीपर्यंत पोचण्याचा जो दुसरा दरवाजा होता, तो आपण आपल्याच हाताने बंद केला.

माझा अनुभव असा की उजवीकडची भाजी नाकारणारी दहांतली सात-आठ माणसे डावीकडची भाजी खातात. शिजलेल्या कोबीला हात न लावणारा माणूस कोबीची पचडी खातो: बारीक, अगदी दोऱ्यासारखा चिरलेला कच्चा कोबी, त्यावर दाण्याचे कूट, लिंबू, चिमूटभर साखर आणि हिंग-मिरचीची फोडणी. कच्च्या कोबीला तो उग्र वास नसतो. लाल भोपळ्याची भाजी नको म्हणणारा भोपळ्याचे दह्यातले भरीत मागून घेतो. गाजराची कोशिंबीर, खमंग काकडी, मुळ्याच्या कोशिंबिरीत भिजवलेली मूगडाळ, दह्यातले बीट, देशावर करतात तशी कच्च्या मेथीची पचडी. यात आंबट, गोड, तिखट असे सगळे असते आणि मुख्य म्हणजे दाताखाली काहीतरी कुरकुरीत येते. गाजराच्या कोशिंबिरीवर चमचाभर तेलाची फोडणी असणे चवीसाठी तर आहेच, पण गाजरातील कॅरोटीन अंगी लागायला स्निग्धांश लागतो म्हणूनही ती योग्य आहे. आपल्या आज्यांना हे शास्त्र ठाऊक नसेल, पण हात बरोबर होता.

दोडक्याच्या शिरांची चटणी तर मी कधीच परत आलेली पाहिली नाही. दोडका सोलताना ज्या उभ्या कडक शिरा निघतात त्या बहुतेक घरांत कचऱ्यात जातात. त्या स्वच्छ धुऊन बारीक चिरायच्या, लोखंडी तव्यावर चार थेंब तेलात मंद आचेवर घालायच्या आणि घाई न करता परतत राहायचे. आधी त्या मऊ पडतात, मग त्यांचा ओला वास जाऊन भाजल्याचा खमंग वास येऊ लागतो, आणि शेवटी उलथन्याखाली त्या चुरचुर वाजतात. तेव्हा तीळ, सुके खोबरे, लसूण आणि लाल मिरची घालून खाली उतरवायचे, मीठ घालून खलबत्त्यात जाडसर कुटायचे. ज्या तरुणाविषयी वर लिहिले त्याला मी सुरुवातीला हीच चटणी दिली. दोडक्याची भाजी त्याने आयुष्यात खाल्ली नव्हती. तिसऱ्या दिवशी डब्यात चिठ्ठी आली: "काकू, ती काळी चटणी परत द्या, कसली आहे ते नंतर सांगा."

ते मात्र मी त्याला त्याच दिवशी फोन करून सांगितले, आणि यामागे माझ्या हातून पूर्वी झालेली एक चूक आहे. भाजी लपवून खाऊ घालावी, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. मीही एका मुलीच्या डब्यातल्या आमटीत तिला न सांगता लाल भोपळा शिजवून घोटून घालत असे. दोन महिन्यांनी तिला ते कळले. भोपळ्याचा तिला त्रास झाला नव्हता, चवही आवडली होती, पण त्यानंतर तिने माझ्या प्रत्येक पदार्थाकडे संशयाने पाहायला सुरुवात केली आणि शेवटी डबाच बंद केला. तिचे बरोबर होते. कोणाच्याही पानात काय आहे हे त्याला न सांगता वाढण्याचा अधिकार आपल्याला नाही, मग तो मुलगा असो, नवरा असो की गिऱ्हाईक. घोटून घालावे, किसून घालावे, पण सांगून. खाण्याआधी नाही तर निदान पहिल्या घासानंतर. भाजीची चव बदलता येते. तिच्याविषयीचा अविश्वास घालवायला वर्षे जातात.

सांगून करता येण्यासारखे पुष्कळ आहे. एक वाटी भाजणीत एक वाटी किसलेला दुधी किंवा कोबी सहज मावतो आणि थालीपीठ उलट जास्त खुसखुशीत आणि मऊ होते. भोपळ्याचे घारगे, कोथिंबिरीच्या वड्या, अळूवड्या (तळण्याऐवजी वाफवून तव्यावर थोड्या तेलात परतल्या तरी चांगल्या लागतात), पालक घातलेली डाळ, शेवग्याच्या शेंगांची आमटी, टोमॅटोचे सार. अळूतले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक घशाला खाजवतात म्हणून चिंच किंवा आमसूल हवेच, हे नवशिक्यांनी ध्यानात ठेवावे. मासे खाणाऱ्या घरांना तर आणखी एक वाट आहे. चेंदणी कोळीवाड्यातल्या माझ्या मैत्रिणीने मला सुकट घालून वांगे आणि जवळा घालून अंबाडी करायला शिकवले. भाजीला हात न लावणारे तिचे दोन्ही मुलगे ती अंबाडी बोटे चाटून खातात, कारण तिथे भाजी ही माशाची सोबतीण असते. सुकी मासळी गरम पाण्यात भिजवून, पाणी टाकून मगच घ्यावी, म्हणजे मीठ कमी होते.

हे सगळे मिळून ४०० ग्रॅम होतात का, हे मी माझ्या काट्यावर वजन करून पाहिले. किसलेल्या गाजराची एक वाटी ८० ग्रॅमच्या आसपास भरली, दोन थालीपिठांतला दुधी १०० ग्रॅम, आमटीतला भोपळा ६० ग्रॅम आणि वाटीभर सारातले टोमॅटो १०० ग्रॅम. म्हणजे ३४० ग्रॅम झाले, आणि पानाच्या उजवीकडे रूढ अर्थाची भाजी एक चमचाही नाही. संध्याकाळी एक काकडी चिरून खाल्ली की हिशेब पुरा होतो. रोज हे सगळे कोणालाच जमणार नाही, मलाही जमत नाही. परंतु काहीच जमणार नाही हा समज तरी चुकीचा ठरतो. डाव्या बाजूला पापड आणि लोणचेही येते, त्याची गणती यात करू नये. दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवायचे असेल तर लोणच्याची एक फोड पुरे. आणि ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे किंवा रक्त पातळ ठेवण्याची वॉरफॅरिनसारखी गोळी चालू आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच पालेभाज्यांचे प्रमाण बदलावे.

वेळेच्या अडचणीबद्दल मला नोकरदार स्त्रियांना उपदेश करायचा नाही. कर्जत-कसाऱ्याच्या गाडीत मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडणाऱ्या बायका मी वर्षानुवर्षे पाहिल्या आहेत. शेजारणीही न सांगता दोन-दोन काड्या उचलून निवडू लागतात, आणि डोंबिवली येईपर्यंत जुडी साफ झालेली असते. इतके करून घरी गेल्यावर ती भाजी ताटात तशीच राहिली तर त्या बाईच्या मनाला काय वाटत असेल, हे मला चांगले कळते. पण त्यावर उपाय म्हणून खाणाऱ्याला दम देण्यापेक्षा त्या जुडीतली मूठभर पाने कच्चीच चिरून दाणे-लिंबू लावून पाहावीत, असे मी सुचवीन. दुसरी अडचण विश्वासाची आहे. रेल्वे रुळांलगत सांडपाण्यावर पिकणाऱ्या पालेभाज्यांच्या बातम्या वारंवार आल्याने अनेक ठाणेकरांनी पालेभाजी घेणेच सोडले आहे. पालेभाजी कच्ची खायची असेल तेव्हा तर ती कोठून येते हे विचारणे आवश्यकच आहे, आणि तीन-चार पाण्यांतून धुण्याला पर्याय नाही. पावसाळ्यात स्टेशनाजवळ आणि जांभळी नाक्याला शहापूर-मुरबाडकडच्या आदिवासी बायका टाकळा, कुलू, करटोली, शेवळे अशा रानभाज्या घेऊन बसतात. शेवळाबरोबर काकडांची फळेही त्या देतात, कारण त्याशिवाय शेवळाची भाजी घशाला खाजते, आणि कशी करायची हेही नीट समजावून सांगतात. नेहमीच्या भाज्यांना कंटाळलेल्या, पण अजून जीभ शोधती असलेल्या माणसांनी त्यांच्याकडे एकदा तरी थांबावे.

शाळांबद्दल दोन शब्द लिहिले नाहीत तर हे पत्र अपुरे राहील. शालेय पोषण आहारात प्राथमिकच्या मुलामागे दररोज ५० ग्रॅम आणि उच्च प्राथमिकच्या मुलामागे ७५ ग्रॅम भाज्या ठरलेल्या आहेत. त्या मुलांच्या पोटात जाणे महत्त्वाचे आहेच, पण त्यासाठी 'संपवल्याशिवाय हात धुवायला जायचे नाही' असा धाक घालणाऱ्या शिक्षकांना आणि डब्यातली भाजी संपली नाही म्हणून वर्गासमोर मुलाला उभे करणाऱ्या खासगी शाळांना माझी हात जोडून विनंती आहे की हे थांबवावे. नवी भाजी मुलाला आपलीशी वाटायला ती आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा समोर यावी लागते, असे बालआहाराचे अभ्यासक सांगतात. समोर यावी, तोंडात कोंबली जाऊ नये. चमचाभर वाढावी, मोठ्यांनी तीच आनंदाने खावी, आणि मुलाने नको म्हटले तर पुढच्या आठवड्यात पुन्हा चमचाभर वाढावी. माझ्या शेपूच्या बाबतीत असे कोणी केले असते तर कदाचित आज मी तो खात असते.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात, वागळे इस्टेटमध्ये, ऐरोली-घणसोलीच्या कार्यालयांत हजारो माणसे कँटीनमध्ये जेवतात. तिथल्या थाळीत दोन भाज्या असतात, त्यांतली एक बटाट्याची आणि दुसरी तेलात पोहणारी, आणि कोशिंबिरीच्या नावाने कांद्याच्या दोन चकत्या. तुर्भ्याचा एवढा मोठा घाऊक भाजीबाजार या पट्ट्याच्या अगदी दाराशी आहे, रात्रभर ट्रक उतरत असतात, तरी ही स्थिती आहे. त्या थाळीत खरी वाटीभर कोशिंबीर आणि एक चटणी सक्तीची करावी, असे कँटीनचे कंत्राट देणाऱ्या व्यवस्थापनांना सुचवावेसे वाटते. खर्च फार नाही, काकडी-गाजर-कोबीचाच आहे.

आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणे आहे. आठवड्याच्या पुरवणीत पाककृतींना जी जागा दिली जाते, तिचा एक कोपरा पानाच्या डाव्या बाजूसाठी राखून ठेवावा. कोकणातल्या, खानदेशातल्या, मराठवाड्यातल्या, वऱ्हाडातल्या वाचकांकडून तिथल्या चटण्या, पचड्या, भरिते मागवावीत, आणि प्रत्येक कृतीबरोबर 'ही कोणती भाजी न आवडणाऱ्यांसाठी' एवढी एक ओळ छापावी. असा कोपरा सुरू झाला तर दोडक्याच्या शिरांची चटणी, मोजमापासह, मी पहिल्या आठवड्यासाठी पाठवून देईन.

आपली विश्वासू,
घरगुती डबे देणारी एक वाचक,
पाचपाखाडी, ठाणे (पश्चिम)